बारा वर्षं उभ्यानं

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला मी बायकोचे पाय रगडले. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. ओट्यावर बाज टाकली होती. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि पाय माझ्या मांडीवर दिले. वाटीत तिळाचं तेल कोमट केलेलं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या जाळलेल्या. उजवा पाय आधी झाला. डाव्याची पोटरी त्या आठवड्यात जास्तच सुजली होती, हाताला गरम लागत होती.

"जोर करा ना," ती म्हणाली. "आज जेवनात नही का तुम्ही?"

मी जोर केला. हमालाचा अंगठा तो, कुठं दाबायचं ते त्याला शिकवावं लागत नाही. तिनं पदर दातात धरला. समोरून शेजारीण पाणी घेऊन चालली होती, ती थांबली.

"काय भाऊ, सेवा जोरात चाललीय."

"तुझ्या घरच्याला पाठव इकडं," ही म्हणाली, "त्यालाही शिकवतील."

शेजारीण हसत गेली. थोड्या वेळानं ही म्हणाली, बरं वाटलं आता. उठून तिनं भाकरी टाकल्या.

सोमवारी ती गेली. सुजलेली, गरम लागणारी पोटरी कधी रगडायची नसते. आत रक्ताची गाठ असली तर ती सुटते आणि वर छातीत जाते. हे मला सोमवारी संध्याकाळी डॉक्टरनं सांगितलं. माझ्या रगडण्यानं सुटली की आपली आपण सुटली, असं मी विचारलं. सांगता येत नाही म्हणाला. बारा वर्षं ती त्याच्याच हॉस्पिटलात उभी राहिली, त्या बारा वर्षांत हे ना तिला कोणी सांगितलं ना मला. हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्यानं उगाच वाट बघत बसू नये.

मी चौथी शिकलेला माणूस. धुळ्याकडचं खेडं आमचं, घरी अहिराणी. इथं सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो, चुकलं तर चुकलं. लग्नानंतर दोन वर्षांनी जळगावला आलो आणि डाळ मिलमध्ये हमालीला लागलो. हमालीला लोक हलकं काम म्हणतात. म्हणू देत. पण अंगाला कसं वागवायचं हे हमालाइतकं कोणाला कळत नाही. जमिनीवरचं क्विंटलचं पोतं हमाल एकटा कधी उचलत नाही. दोघं धरून ते धक्क्यावर ठेवतात, धक्का कंबरेच्या वर, तिथून ते पाठीवर घ्यायचं. चालताना पाय कसा टाकायचा, फळीवर चढताना श्वास कुठं सोडायचा, सगळं ठरलेलं. दहा पोती झाली की एक जण बसतो, मग दुसरा. त्या बसण्याला आळस म्हणायची शेठचीही हिंमत नव्हती. एकदा नव्या दिवाणजीनं म्हटलं होतं, "तो का बसलाय?" आमचा मुकादम म्हणाला, "दिवाणजी, बैलालाही बांधाशी थांबवतात. तुम्ही लिहा, आम्ही वाहतो." पुन्हा तो बोलला नाही.

एवढं सगळं माहीत असून माझी अंतर्गळ उतरली, हर्निया म्हणतात तो झाला. चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. ट्रक लवकर सोडायचा म्हणून मी जमिनीवरून एकट्यानं पोतं उचललं. घाई केली, दुसरं काय. पोटाच्या खाली काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मी पोत्यावरच बसलो.

गावात एक नवा डॉक्टर आला होता. मुंबईला शिकलेला, ताडमाड उंच, हसरा. त्याचं दहा खाटांचं हॉस्पिटल. त्यानं माझं ऑपरेशन केलं आणि हमाल आहे म्हणून काही घेतलं नाही. त्याला आता मी अरेतुरे लिहितोय, पण तेव्हा त्याच्यासमोर माझी मान वर होत नव्हती. हे पुढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी चूक तिथंच आहे.

मी खाटेवर पडलेलो, ही उशाशी. तिथली आया त्या आठवड्यात आली नव्हती. ऑपरेशनच्या खोलीतून भरलेली बादली बाहेर न्यायला कोणी नव्हतं, तर हिनं पदर खोचला आणि नेली. डॉक्टरनं बघितलं.

"बाई, रक्त बघून चक्कर येत नाही?"

"चार बाळंतपणं झाली साहेब. चक्कर यायची तेव्हाच यायची होती."

चारातली एक मुलगी तेवढी जगली आमची. डॉक्टरला ते काय माहीत. तो हसला आणि म्हणाला, उद्यापासून ये. मला सहा महिने वजन उचलायची बंदी होती. घरात चूल पेटायला हवी होती. ती गेली. सहा महिन्यांनी मी मिलमध्ये परत गेलो, पण ती घरी परत आली नाही. मी म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, "मला तिथं बरं वाटतं. माणूस मरायला येतो आणि चालत घरी जातो. तुमच्या पोत्याचं काय, तूर येते नि डाळ जाते."

पहिल्या वर्षी पुसणं, धुणं. मग हातमोजे तपासायला लागली. तेव्हा रबरी मोजे फेकत नसत. धुवायचे, फुंकून भोक बघायचं, ठिगळ लावायचं, पावडर मारून उकडायला द्यायचे. कपडे आणि बोळे पत्र्याच्या डब्यात भरून वाफेवर ठेवायचे, त्याला ड्रम म्हणत. भरलेला ड्रम गरम गरम उचलायचा. शिकलेली नर्स एकच, ती हत्यारं द्यायची. तिसऱ्या वर्षी डॉक्टरनं हिला हात धुवायला शिकवलं, मोजे घालायला शिकवलं आणि टेबलाशी उभं केलं. पोटाची कड ओढून धरायला एक वाकडं, चपटं हत्यार असतं, ती त्याला पंजा म्हणायची. ते धरायचं. हलायचं नाही. डॉक्टर आत काम करतो तोवर धरायचं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. एक झालं की दुसरा पेशंट. सकाळी सातला उभी राहिली की दोन वाजेपर्यंत. मग सगळं धुणं, मोजे, ड्रम. घरी येईपर्यंत चार.

डॉक्टर सहा फुटाचा, ही जेमतेम त्याच्या छातीला लागायची. टेबल त्याच्या मापानं. हिला हात वर उचलून धरावं लागायचं. तुम्ही रिकामे हात खांद्याच्या पातळीला धरून बघा, दहा मिनिटं धरा. मग कळेल.

मी म्हटलं, "पायाखाली काही घे."

"काय घेऊ?"

"मी देतो."

मिलमध्ये मोडक्या खोक्यांच्या फळ्या पडलेल्या असत. सुतार ओळखीचा होता. हिला घरी ओट्याशी उभं केलं, टेबल कुठवर येतं ते तिनं हातानं दाखवलं, मी सुतळीनं माप घेतलं आणि साडेआठ इंच उंचीचा पाट करून घेतला. चांगला दोन हात लांब. वर रंधा मारला, रंग दिला, म्हणजे धुता यावा. घेऊन गेली. संध्याकाळी आली ती सरळ चुलीशी गेली.

"काय झालं? हलतो का?"

"हलत नाही. छान आहे."

"मग?"

मग हसायला लागली. हसता हसता डोळ्यात पाणी आलं. झालं असं, ती पाटावर उभी राहिली तर डॉक्टर म्हणाला, अरे वा, आता मला वाकायला नको. म्हणजे इतके दिवस तो हिच्यासाठी टेबल थोडं खाली ठेवून स्वतः वाकत होता. आता त्यानं टेबलाची दांडी पायानं दाबली आणि टेबल वर घेतलं. साडेआठ इंच गेले कुठल्या कुठं. हिचे हात पुन्हा खांद्याशी. त्या टेबलाला वरखाली करायची दांडी असते हे मला माहीत नव्हतं. मी धक्का बघून माप घेतलेलं. धक्का जागचा हलत नाही.

"दुसरा करतो," मी म्हटलं. "याच्यावर आणखी उंच."

"मग ते आणखी वर घेतील. छताला डोकं लावतील," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

दुसरा केलाही असता मी. पण ती म्हणाली, हातांचं मी बघते, पायाचं काही करा. फरशी दगडाची, पायात पातळ रबरी चपला. टाचा बधिर व्हायच्या. आम्ही हमाल दगडी जमिनीवर उभं राहून काम करायचं असेल तर पायाखाली बारदानाची चौघडी टाकतो. मी चार बारदानं घडी करून दाट टाके मारले. ते बघून डॉक्टर हिच्यावर ओरडला. बारदान? ऑपरेशनच्या खोलीत? तुरीचा कोंडा, उंदराची घाण, जंतू. बरोबर होतं त्याचं. मी मूर्ख. मग मी नवी, धुतलेली बारदानं घेतली, मधे कापूस भरला आणि बाहेरून मेणकापड शिवलं, कडेला पाणी जाऊ नये म्हणून दोन शिवणी. जंतू मारायच्या कार्बोलिकनं पुसता यायची. ही गादी चालली. दर दिवाळीला ती गादी घरी यायची, मी उसवून आतला चेपलेला कापूस बदलायचा आणि परत शिवायचा.

दुसऱ्या दिवाळीला मी मेणकापड काढलं आणि कापसाकडं बघत राहिलो. कापसात पाय उमटलेले. दोन पायांमध्ये दीड वीत अंतर, टाचेचे खड्डे माझ्या टाचेपेक्षा मोठे. ही पाय जुळवून उभी राहायची, तिचा पाय माझ्या वितीएवढा.

"ह्या गादीवर कोण उभं राहतं?"

"कोण राहणार?"

"मला शिकवू नको. पोत्यावर कोणाचा पाय पडला ते मी सांगतो."

तिनं पिठाचे हात पुसले. "त्यांची कंबर धरते. पट्टा बांधतात आतून, कोणाला दाखवत नाहीत. मी म्हटलं, साहेब, घ्या हे."

"आणि तू?"

"मला सवय आहे."

"मी तुझ्यासाठी शिवली होती."

"त्यांची कंबर मोडली तर पोटं कोण शिवणार? माझे पाय गेले तर दुसरी बाई मिळेल."

मी तिला खूप बोललो त्या दिवशी. घाण बोललो. आणि मग बसून कापूस बदलला, गादी शिवली आणि परत दिली. दहा दिवाळ्या शिवली. त्याच्या पायासाठी. दोन करायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. केली मी दुसरी. तीही तिनं नेली आणि नर्सला दिली.

बसायचं तर नावच नव्हतं. दोन ऑपरेशनांच्या मधे पंधरा-वीस मिनिटं मिळायची. डॉक्टर भिंतीला टेकून चहा घ्यायचा, उभ्याउभ्याच, त्याला बसायची सवय नव्हती. तो उभा म्हणून नर्स उभी, नर्स उभी म्हणून ही उभी. मी म्हटलं, अगं, जमिनीवर तरी टेक. तर म्हणाली, सासऱ्यासमोर बाजेवर बसेन का मी? आमच्याकडं सून सासऱ्याच्या देखत बाजेवर बसत नाही. सासरा पडवीत असला तर ती दाराआड उभी राहूनच बोलते. तीच रीत तिनं तिथं नेली. डॉक्टरनं बस म्हटलं नाही आणि ती बसली नाही. त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणतो. त्याच्या मनात ती नव्हतीच. हात दिसायचे त्याला. पंजा धरलेले दोन हात. खाली पाय आहेत हे त्याला ठाऊक नसावं.

पाचव्या-सहाव्या वर्षी शिरा दिसायला लागल्या. आधी निळ्या, मग जांभळ्या, गुडघ्यामागं गांडुळं गुंडाळून ठेवल्यासारख्या. तिनं नऊवारी सोडली आणि टाचेपर्यंतचं गोल पातळ नेसायला लागली. लोक म्हणाले, हॉस्पिटलात गेली नि फॅशन आली. फॅशन कसली, पाय झाकत होती. हॉस्पिटलातल्या जुन्या बँडेजच्या पट्ट्या धुऊन आणायची आणि मी त्या सकाळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तिला गुंडाळून द्यायचा. पट्टा कसा आवळायचा ते हमालाला येतं.

त्यानंतर एकदा मी डॉक्टरकडं गेलो. एकदाच. मिलचे कपडे बदलून, टोपी घालून गेलो. त्याच्या खोलीत पेशंटसाठी खुर्ची होती, मी उभाच राहिलो.

"बोला भाऊ. टाके दुखतात का अजून?"

"नाही साहेब. चांगलंय सगळं. ते… मंडळींना जरा मधे मधे बसायला मिळालं तर."

"कुणाला?"

मी सांगितलं. तो हसला, मनापासून हसला. "अहो, आमच्या धंद्यात बसणं कुठलं? मी बसतो का? चौदा वर्षं झाली, मी उभाच आहे. सवय होते."

"हो साहेब," मी म्हटलं.

झालं. एवढंच. दिवाणजीच्या तोंडावर बोलणाऱ्या टोळीतला मी. शेठला सांगितलं असतं की तुझी मिल बंद करतो पण माणूस बसणार. इथं मात्र "हो साहेब". कारण त्यानं माझं पोट शिवलं होतं आणि काही घेतलं नव्हतं. तिचे पाय दाखवावेत, म्हणावं साहेब बघा जरा, हेही तोंडातून निघालं नाही. परक्या माणसाला बायकोचे पाय काय दाखवायचे, अशी एक लाजही होती. तो डॉक्टर होता, परका कसला. पण होती लाज.

मुलगी धुळ्याला दिली होती. तिच्या पहिल्या बाळाच्या बारशाला आम्ही गेलो. एस.टी.त जागा मिळाली तरी ही पारोळ्यापर्यंत उभीच. बसलं की पाय जास्त ठणकतात म्हणाली. तिथं बायका जमिनीवर सतरंजीवर बसलेल्या. हिला मांडी घालून खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. म्हणून ही वाढायला लागली. पंगती उठल्या तरी हिचं वाढणं संपेना.

"बठ ना वं माय," विहीणबाई म्हणाली. "किती उभी ऱ्हाशी?"

"माले सवय शे."

सगळ्या म्हणाल्या, काय बाई आहे, थकत नाही. पोरीनं मात्र पाहिलं. रात्री पातळ बदलताना पट्ट्या सुटल्या होत्या, त्या खालचे पाय तिनं पाहिले आणि ती बाळंतीण बाई रडायला लागली. सकाळी माझ्यावर आली. "आबा, तुम्ही काय करता मग? आईला घरी बसवा." मी म्हटलं, तुझी आई माझं ऐकते का. हे खरंही होतं आणि पळवाटही होती.

बोलली ही, परत येताना बोलली. "जुलैपर्यंत करते. मग सोडते. पोरीकडं राहीन दोन महिने. बाळाला तेल लावायला खाली बसता यायला पाहिजे, तेवढं झालं तरी बस." हे तिचं मागणं होतं. नातवाला मांडीवर घ्यायला जमिनीवर बसता यावं. दुसरं काही नाही.

त्या वर्षी कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनांची घाई लागली होती. शाळांमधून शिबिरं. रावेरकडं, यावलकडं, जीपमध्ये सामान घालून जायचे. दोन बाकं जोडून टेबल करायचं. बाकं कमी उंचीची, त्यामुळं डॉक्टरची कंबर गेली. हिचे हात मात्र पहिल्यांदाच सुखात राहिले, असं तिनंच मला सांगितलं. पण पाय? एका दिवसात इतक्या बायका, की एक उठवली की दुसरी. बाईला बाकावरून उतरवायचं, जमिनीवर सतरंजीवर निजवायचं, तेही हिनंच. जमिनीवरून जिवंत माणूस उचलणं पोत्यापेक्षा कठीण. पोतं अंग सोडत नाही. मी तिला सांगत होतो, वाकू नको, गुडघ्यात बस आणि उचल. तर म्हणाली, गुडघ्यात बसता आलं असतं तर नातवाला नसतं घेतलं?

शिबिरांवरून आली आणि डावा पाय सुजला. आठवडाभर रगडत होतो मी. रविवारी दुपारीही रगडला. ते वर लिहिलंय.

सोमवारी मोठं ऑपरेशन होतं, एका म्हाताऱ्याच्या आतड्याचं. पुढचं मला कंपाउंडरनं सांगितलं, तो खोलीत होता. तास-दीड तास झाला असेल. ही म्हणाली, "साहेब, श्वास लागतोय." डॉक्टरनं वर न बघता म्हटलं, "दोन मिनिटं." तो शिवत होता. ही म्हणाली, "कोणीतरी पंजा धरा." कंपाउंडर मोजे घालायला धावला. तो येईपर्यंत तिनं धरला. त्याच्या हातात दिला, आणि मग खाली बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बसली. भिंतीला टेकली आणि तशीच आडवी झाली.

डॉक्टरला सोडून येता आलं नाही. पोट उघडं होतं. नर्सनं हिच्या छातीवर दाबलं, आणखी काय काय केलं. डॉक्टर टेबलावरून सांगत होता, हात आत. म्हातारा जगला. मी म्हणतो ते बरोबरच केलं त्यानं. हीसुद्धा तेच म्हणाली असती, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

मिलवर निरोप आला तेव्हा मी धक्क्यावर होतो. माझ्या पाठीवर पोतं होतं, ते मी थप्पीला लावलं आणि मग विचारलं, काय म्हणतोस.

संध्याकाळी मातीला डॉक्टर आला. नदीपर्यंत चालत आला, पट्टा बांधून, वाकडा होत. परत आल्यावर मला बाजूला घेऊन त्यानं गाठीचं सांगितलं. मग म्हणाला, "मावशींसारखी बाई मिळणार नाही." पोरगी धुळ्याहून रात्री पोहोचली, बाळ घेऊन. आई बघायला मिळाली नाही तिला.

सकाळी मी आंघोळ केली आणि हॉस्पिटलात गेलो. सुतकात माणूस घराबाहेर पडत नाही. पोरगी म्हणाली, आबा, कुठं? मी म्हटलं, आलो. दारात कंपाउंडर भेटला. तो पटकन मागं सरला. "भाऊ, सुतकात तुम्ही…" मी त्याला ओलांडून गेलो.

डॉक्टर खोलीत होता, कागद बघत उभा. मी आत गेलो आणि पेशंटच्या खुर्चीवर बसलो. त्यानं बस म्हटलं नव्हतं.

"भाऊ," तो म्हणाला.

"बारा वर्षांत एकदा तिचे पाय बघितले असते तर?"

त्यानं हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "तुम्ही तर रोज बघत होतात. मला का सांगितलं नाही?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही हसलात."

"मला आठवत नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. खरंच आठवत नव्हतं त्याला. त्याची मान खाली गेली. मला वाटलं होतं, त्याची मान खाली गेली की मला बरं वाटेल. नाही वाटलं.

"आज कोण उभं राहणार आहे?" मी विचारलं.

"एक बाई आलीय. नवी आहे."

"तिला बसायला द्या."

त्यानं कंपाउंडरला हाक मारली. हॉस्पिटलात लोखंडी उंच स्टूल एकच, ते कंपाउंडरचं, औषधं बांधायला तो त्यावर बसायचा. डॉक्टर म्हणाला, ते कार्बोलिकनं पूस आणि आत ने. कंपाउंडर माझ्याकडं बघतच राहिला. सुतकातल्या माणसासमोर वाद कसा घालणार. पुसलं त्यानं. मीच ते उचललं आणि ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. आत जायची मला परवानगी नव्हती.

नवी बाई दाराशी आली. पंचविशीची असेल, तोंडावर फडकं बांधलेलं, डोळे तेवढे दिसत होते. मी कोण ते तिला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तिनं नमस्कार केला.

"बाई, हे तुला बसायला."

"हो, आबा."

तिनं स्टूल आत ओढलं, भिंतीशी लावलं. मग कपड्यांचा गरम ड्रम जमिनीवर होता तो उचलून तिनं त्या स्टुलावर ठेवला, झाकण नीट बसवलं आणि त्याच्या शेजारी हात बांधून उभी राहिली.

"त्यावर बस," मी दारातून म्हटलं.

"हो हो," ती म्हणाली. "साहेब येऊ देत."

मी आणखी दोनदा सांगितलं. मग कंपाउंडर आला आणि त्यानं दार लावून घेतलं.